ताटावरून न उठणारी माणसं

दामोदर नाडगीर पंगतीत बसला, शेवटच्या ताकभातापर्यंत जेवला आणि सगळ्यांबरोबर पाटावरून उठला, असं विद्यानं एकदाच पाहिलं होतं. ते त्यांच्या लग्नात. त्या दिवशी त्याला उठता येणं शक्यच नव्हतं, कारण त्याच्या उपरण्याची गाठ तिच्या शालूला बांधलेली होती. तरी दुसरा भात आला तेव्हा त्याचा गुडघा असा काही हलायला लागला की ती थरथर गाठीतून तिच्या कमरेपर्यंत पोचली. नव्या नवरीला वाटलं, नवरदेव घाबरलेत. पुढच्या बारा वर्षांत तिला कळून चुकलं की या माणसाला घाबरायला वेळच नसतो. घाबरण्याचं काम घरात तिच्याच वाट्याला आलं होतं.

विद्या पुण्याची. तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. नाडगीर मंडळी तीन पिढ्यांपासून बंगळूरची. त्यांच्या घरात आमटीला हुळी म्हणत, मोठ्या बहिणीला अक्का, वडिलांना अण्णा, आणि कुठल्याही अडचणीला ‘स्वल्प सांभाळून घे’ म्हणत. मल्लेश्वरमच्या भाड्याच्या घरात विद्या ही भाषा शिकली, दामोदरलाही शिकली. दामोदर शिकायला जास्त वेळ लागला.

तो इंटरला दोनदा बसला होता आणि दोन्ही वेळा पेपर अर्धा टाकून बाहेर आला होता. बँकेतली नोकरी आठ महिने टिकली, विमा कचेरीतली पाच. वकिलाकडे टंकलेखक म्हणून लागला तेव्हा वकिलांनी तिसऱ्या आठवड्यात हात जोडले. तक्रार सगळीकडे एकच होती: नाडगीर जागेवर नसतात. मग शहराच्या पूर्वेला नवा सरकारी कारखाना उभा राहिला आणि तिथे त्याला ‘प्रोग्रेस चेसर’ची जागा मिळाली. नाव भारदस्त, काम साधं. एखादा सुटा भाग एका शॉपमधून, म्हणजे कारखान्याच्या एका विभागातून, निघाला आणि पुढच्या शॉपला पोचला नाही, तर तो कुठे अडकलाय हे हिंडून शोधायचं आणि पाठपुरावा करून पुढे धाडायचा. दिवसाला सात-आठ मैल पायपीट. इतर लोक या जागेवरून बदली मागत. दामोदरनं दहा वर्षांत एकदाही मागितली नाही. कुठलं चाक कुठल्या बाकाखाली पडलंय हे त्याला तोंडपाठ असे. स्वतःची छत्री कुठे आहे हे मात्र त्याला कधीच ठाऊक नसे. लग्नापासून नऊ छत्र्या झाल्या होत्या.

या सगळ्याचं विद्याला हसू यायचं. १९६३ सालच्या जानेवारीत मात्र तिचं हसू संपलं. त्या महिन्यात अलकाच्या शाळेतून पत्र आलं.

अलका नऊ वर्षांची, चौथीत. वेणीची रिबीन रोज एक हरवायची. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची, आणि पुष्कळदा ते बरोबरही असायचं. बाकावरून किती वेळा उठते याची वर्गशिक्षिकेनं एकदा मोजदाद ठेवली आणि तिसाव्या वेळेला सोडून दिली. एवढ्यावर भागलं असतं. पण शाळा तपासायला इन्स्पेक्टरीणबाई आल्या त्या दिवशी खिडकीबाहेर माकड दिसलं म्हणून अलका धावली, आणि टेबलावरची दौत बाईंच्या शेरेबुकावर उपडी झाली. पत्रात दौतीचा उल्लेख नव्हता. ‘मुलगी सर्वसाधारण वर्गात बसण्यास योग्य आहे असा तज्ज्ञांचा दाखला उगादीच्या आत सादर करावा, अन्यथा नाव काढून घ्यावे,’ एवढीच दोन ओळींची विनंती होती. उगादी म्हणजे पुण्याचा पाडवा, दोन महिन्यांवर आलेला.

विद्यानं ते पत्र चार वेळा वाचलं. मग पोळीच्या डब्याखाली ठेवलं आणि पुन्हा काढून वाचलं.

“अण्णांना दाखवू?” अलकानं विचारलं.

“तुला काय माहीत कसलं पत्र आहे ते?”

“माझ्या शाळेचा कागद आहे. आणि तू पोळी उलटायची विसरलीस, जळतेय.”

दामोदरनं पत्र उभ्याउभ्या वाचलं. “दौत टेबलाच्या कडेला ठेवलीच का त्यांनी?” एवढं म्हणाला आणि सायकलची किल्ली शोधायला लागला. किल्ली त्याच्या खिशात होती.

*

तज्ज्ञ म्हणजे कुठले, हे विद्याला शेजारच्या डॉक्टरांनी सांगितलं. शहराच्या दक्षिणेला मनोरुग्णांच्या मोठ्या दवाखान्याशेजारी मुलांचा एक नवा विभाग निघाला होता. तिथे सुधींद्र कट्टी नावाचे तरुण डॉक्टर ‘अतिचंचल’ मुलांवर संशोधन करत होते. संशोधन हा शब्द विद्याला धीर देणारा वाटला. बसमध्ये बसल्यावर तो धीर गेला. त्या थांब्याला कंडक्टर दवाखाना म्हणत नव्हता. तो खच्चून ओरडायचा, “हुच्चास्पत्रे! हुच्चास्पत्रे यारु?” वेड्यांच्या इस्पितळाला कोण उतरणार, अशी ती हाळी ऐकली की अख्खी बस माना वळवून बघायची. विद्या अलकाला घेऊन एक थांबा आधी उतरली आणि उरलेला रस्ता चालत गेली. अलका आनंदात होती. तिला चालायला मिळालं होतं.

कट्टी डॉक्टर तिशीचे, बागलकोटकडचे. नाडगीर आडनाव ऐकल्याबरोबर मराठीत शिरले.

“बसा वहिनी. घाबरू नका हो, इथं मुलांना कोण ठेवून घेत नाही. ही काय, अलका? अलका, ते कागदांवरचं वजन तिथंच ठेव. बरं, नको ठेवू. घे हातात.”

त्यांनी दीड तास अलकाकडून ठोकळे लावून घेतले, गोष्टी सांगून घेतल्या, आकडे उलटे म्हणून घेतले. मग विद्याला म्हणाले, “बुद्धीचं काही काळजीचं नाही. तुमच्या-माझ्यापेक्षा चार आणे जास्तच आहे. राहिला प्रश्न चुळबुळीचा. ती बघा, बारा-तेराव्या वर्षी आपोआप जातीय.”

“आपोआप?”

“पुस्तकात तसंच आहे. मेंदू पिकला की पोरं थंड होतात.”

विद्यानं मनात हिशेब केला. तीन वर्षं. तीन वर्षं कशीही काढता येतील. त्या दिवशी परत जाताना ती थेट दवाखान्याच्या थांब्यावरून बसमध्ये चढली.

डॉक्टरांनी घरी भरायला एक प्रश्नावली दिली होती. चाळीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे चार खाने: कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, नेहमी; शून्यापासून तीन गुणांपर्यंत. प्रश्न इंग्रजीतले होते. मराठी घरांसाठी कट्टींनी स्वतः त्यांचं मराठी केलं होतं, आणि ते मराठी बागलकोटहून निघून कानडी मुलखातून फिरत आलं होतं. तिसरा प्रश्न होता, ‘मूल एका जाग्याला गप कूतून राहतं का?’ कानडीत कूत म्हणजे बसलेला, हे विद्याला माहीत होतं. पण पहिल्या झटक्याला तिनं ते ‘कुंथून’ असं वाचलं आणि तेवढ्या काळजीतही तिला हसू फुटलं. पेन्सिलीनं तिनं वर ‘बसून’ लिहिलं. मग राहवेना म्हणून पाचवा, नववा, बारावा प्रश्नही सुधारला. सतराव्याशी पेन्सिल थांबली. ‘जेवताना ताटावरून उठतं का?’ या एका प्रश्नाचं मराठी निर्दोष होतं. तिनं काही विचार न करता ‘कधीच नाही’वर खूण केली. नाडगीरांच्या घरात भरल्या ताटावरून उठणं हे केर दारातून आत लोटण्यासारखं अशुभ होतं. पुढचे तीन प्रश्नही जेवणाचेच. पानात खेळत बसतं का, पंगतीत धक्काबुक्की करतं का, जेवण पुरं व्हायच्या आत निघून जातं का. कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. चार ठिकाणी तरी लेकीबद्दल चांगलं लिहिता आलं, याचं तिला बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात कट्टींनी बेरीज केली आणि पेन्सिल कानामागे अडकवली.

“चोपन्न.”

“म्हणजे चांगलं की वाईट?”

“तेच तर अडचणीचं झालंय की. साठाला पोचली तर मी तिला अभ्यासात घेणार. मग शाळेला पत्र लिहिता येतं: ही शिस्तीची कसूर नव्हे, शरीराचा स्वभाव आहे, मुलगी हुशार आहे, वर्षभर निरीक्षणाखाली वर्गात ठेवा. असं पत्र शाळा सहसा मोडत नाही. साठाच्या खाली असली तर माझ्या हातात एकच वाक्य उरतं. विकार आढळला नाही.”

विद्याला ते वाक्य हेडमिस्ट्रेसबाईंच्या टेबलावर पडलेलं दिसलं. विकार नाही, म्हणजे मुलगी नुसती उनाड. उनाड मुलीचं नाव काढायला कुठल्याच शाळेला जड जात नाही.

“सहाच गुण ना, डॉक्टर?”

“वहिनी, आज मी सहा वाढवले तर उद्या दुसऱ्या कुणाचे तरी कमी करीन. मग हे चाळीस प्रश्न मी चुलीत घालावेत.” ते ओशाळल्यासारखे हसले. “आणि तुमचं मराठी वाचून मला लाज वाटली हो. पुढची प्रत तुम्हीच करून द्या.”

विद्यानं मान हलवली. परत जाताना ती पुन्हा एक थांबा चालत गेली. साठ व्हावेत अशी देवाची प्रार्थना करायची की होऊ नयेत अशी, हेच तिला कळेना. आईनं लेकीसाठी विकार मागावा, ही कसली वेळ.

*

फेब्रुवारीत चामराजपेटेला तानूअक्काच्या नातवाचं बारसं होतं. तानूअक्का ही दामोदरची थोरली बहीण, त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. तिनंच त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. चाळीस पानं मांडलेली. विद्या बायकांच्या ओळीत बसली आणि सवयीनं तिची नजर अलकाला शोधू लागली. कुठे काय सांडतेय, कुणाच्या पायात येतेय.

अलका मीठ वाढत होती. डाव्या हातात वाटी, उजव्या हाताची चिमूट, पानाच्या वरच्या कोपऱ्यात नेमकी. चाळीस पानांना चाळीस चिमटी. मग लिंबू. मग चटणी. तिच्यामागून दामोदर भाताचं मोठं भांडं घेऊन वाकत, सरकत, बोलत चालला होता. “भीमूकाका, अजून स्वल्प. नको काय, पोट दिसतंय की रिकामं. अलके, त्या टोकाच्या आजींना लिंबू पोचलं नाही!”

“पोचलं अण्णा! त्यांनी पदराखाली ठेवलंय, घरी न्यायला!”

सगळी ओळ हसली. आजीही हसल्या आणि लिंबू बाहेर निघालं. पाऊण तास ती पोर एका जागी थांबली नव्हती, आणि पाऊण तासात एक शीतही सांडलं नव्हतं. कुणाला ताक हवं, कुणाला दुसऱ्यांदा पोळी नको, हे तिला विचारावं लागत नव्हतं. शाळेत जी मुलगी स्वतःची रिबीन सांभाळू शकत नाही, ती इथे चाळीस माणसांची भूक सांभाळत होती.

“हुबेहूब बापावर गेलीय,” शेजारच्या पानावरून तानूअक्का म्हणाली. “दामूला पण आम्ही असंच कामाला लावलेलं.”

“कधी?”

“कधी म्हणजे? सहा-सात वर्षांचा असेल. पंगतीत बसवला की उठायचा. ताटावरून उठणं म्हणजे आमच्या घरी केवढा अपशकुन! एकदा आप्पाजींनी त्याला पंच्यानं पाटाला बांधला.” आप्पाजी म्हणजे दामोदरचे वडील, विद्याच्या लग्नाआधीच गेलेले. “हा पाटासकट उठला ग! पाट पाठीला घेऊन अंगणभर. मग आई म्हणाली, याला बसवूच नका, वाढायला लावा. वाढपी उठला तर त्याला कोण काय म्हणणार? तेव्हापासनं तो बसलाच नाही.”

“आणि आप्पाजी स्वतः?”

तानूअक्कानं घास हातात धरून क्षणभर विचार केला. “आता तू विचारतेस म्हणून. आप्पाजी बसलेले मला आठवतच नाहीत. ते पण वाढायचेच. आमच्या घरात एक तरी वाढपी जन्माला येतोच बघ. देवाची कृपा. भाड्यानं आणावा लागत नाही.”

विद्याच्या हातातला घास पानात परत गेला.

सतरावा प्रश्न. ताटावरून उठतं का? कधीच नाही. अलका कधीच उठत नव्हती, कारण अलका कधीच बसत नव्हती. घरी तिघंच असली तरी अलका वाढायची, आई जेवायची, आणि मग बापलेक स्वयंपाकघराच्या दारात ताटली हातात घेऊन येरझाऱ्या घालत जेवायची. वर्षानुवर्षं हे रोज डोळ्यांसमोर होतं. तर्कशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेल्या बाईला ते दिसलं नव्हतं.

पहिला क्षण सुटकेचा होता. सहा नव्हे, बारा गुण सापडले होते. दुसऱ्या क्षणी तिची नजर वर गेली. समोर दामोदर हुळीची बादली घेऊन चालला होता. एक्केचाळीस वर्षांचा, कानशिलावर पांढरे केस आलेला. बाराव्या वर्षी जातीय, असं डॉक्टर म्हणाले होते. हे कुठे गेलं होतं?

“विद्या, हुळी वाढू?” दामोदर समोर वाकला. “काय झालं? तिखट लागलं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “वाढा.”

*

आता डॉक्टरांना सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार होतं. वेड्यांच्या दवाखान्यातल्या कागदावर नवऱ्याचं नाव जाणार. सरकारी कारखाना, कुणाच्या कानावर गेलं तर? विद्यानं चार दिवस ते पोटात ठेवलं. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, दामोदर परसात सायकल धूत असताना तिनं प्रश्नावली पुढ्यात घेतली आणि सहज विचारतेय अशा आवाजात म्हणाली, “अहो, हातातलं काम अर्धं सोडून दुसऱ्याला लागणं, कधीकधी की बरेचदा?”

“नेहमी,” दामोदर म्हणाला.

“वस्तू हरवणं?”

“नेहमी. छत्र्या मोज की.”

“दुसऱ्याचं बोलणं संपायच्या आत—”

“नेहमी.” मग त्याचा हात थांबला. “हे तू अलकाचं विचारतेयस की माझं?”

दामोदरनं ओलं फडकं हँडलवर टाकलं आणि परसातल्या परसात दोन फेऱ्या मारल्या.

“तुला वाटतं मी विसरतो,” तो म्हणाला. “मी विसरत नाही ग. दुसरं काही तरी आधी आठवतं. बँकेत खुर्चीत बसलो की वाटायचं, कुणीतरी आतून दार वाजवतंय आणि मी उघडत नाहीये. उठलो की आवाज बंद. दिवसभर तेच. लोक म्हणायचे, नाडगीर कामचुकार आहेत. मला पण वाटायचं, असेन.”

“हे मला कधी सांगितलं नाहीत.”

“तू कधी विचारलं नाहीस. हा कागद विचारतोय म्हणून सांगतोय.”

“डॉक्टरांना सांगितलं आणि कारखान्यात कळलं तर?”

दामोदर मोठ्यानं हसला. “कारखान्यात कुणाला माहीत नाही? फाटकावरचा उमाजी मला रोज काय म्हणतो ठाऊक आहे? म्हणतो, नाडगीरसाहेब, तुम्ही आत गेलात की बाहेर आलात तेवढं सांगा, वहीत लिहायचंय.” हसता हसता त्यानं फडकं पुन्हा उचललं. “आपल्या अलकाला कुणी पाटाला बांधू नये, एवढं बघ. माझं नाव घाल. मी येतो.”

तो आला. कट्टींनी त्याला खुर्ची दिली. चौथ्या प्रश्नाला तो खिडकीशी होता, सहाव्याला दाराशी. शेवटी डॉक्टरच उठले, म्हणाले, “चला नाडगीर, बाहेर चालत बोलू.” विद्या व्हरांड्यातल्या बाकावर अलकाचा हात धरून बसली आणि ते दोघं बागेतल्या वाटेवर फेऱ्या मारताना बघत राहिली. किती फेऱ्या झाल्या ते तिनं मोजलं नाही. प्रत्येक फेरीला डॉक्टरांचा चेहरा अधिक गंभीर दिसत होता, एवढंच तिला कळत होतं.

परत आल्यावर कट्टींनी कपाटातून सगळ्या भरलेल्या प्रश्नावल्या काढल्या. छत्तीस घरांच्या. एकेक उलटून सतरावा प्रश्न पाहिला.

“छत्तीसातल्या एकतीस आयांनी ‘कधीच नाही’ लिहिलंय. मी म्हणत होतो, आमच्याकडची पोरं जेवायला फार शहाणी.” त्यांनी कपाळावर हात मारला. “हे प्रश्न लिहिणाऱ्या साहेबांच्या घरी टेबलावरनं पोर उठतं. आमच्याकडे उठूच देत नाहीत. किंवा वाढायला लावतात. वहिनी, हा प्रश्न कसा विचारायचा?”

विद्यानं पेन्सिल घेतली. सतरावा प्रश्न खोडून वर लिहिलं, ‘घरातल्या पंगतीत हे मूल बसतं, की वाढतं?’

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी एक कोरी प्रश्नावली घेतली. वयाच्या खान्यात पाच ते बारा एवढंच छापलेलं होतं. त्याच्या शेजारी, समासात, त्यांनी ४१ लिहिलं.

“बाराव्या वर्षी जातंय, असं मी तुम्हाला सांगितलं.”

“हो.”

“पुस्तक लिहिणाऱ्यांनी बाराव्या वर्षानंतर कुणाला विचारलंच नसेल. मी पण विचारलं नव्हतं.” त्यांनी प्रश्नावली मिटली. “मला आता ठाऊक नाही, वहिनी. काहींचं जात असेल. काहींचं जात नसेल. वीस वर्षं विचारत राहिल्याशिवाय कळायचं नाही.”

डॉक्टरांकडून ‘ठाऊक नाही’ ऐकणं इतकं भीतीदायक असतं, हे विद्याला तेव्हा कळलं. पत्र मात्र मिळालं. अलकाची नवी बेरीज सहासष्ट झाली होती.

*

उगादीला आठ दिवस उरले होते. हेडमिस्ट्रेस जयलक्ष्मम्मा पन्नाशीच्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. बाहेर अंगणात अलका दामोदरबरोबर उभी होती. म्हणजे उभी नव्हती. दोघं घंटेच्या खांबाभोवती उलट्या दिशांनी फिरत होते.

“एक वर्ष निरीक्षण,” जयलक्ष्मम्मा कानडीत म्हणाल्या. “ठीक आहे. यांच्या खात्याचं एक पत्रक माझ्या वाचण्यात आलं होतं. हे बाराव्या वर्षी जातं ना? तसं असेल तर मी तिला ठेवून घेते. तीन वर्षांचा प्रश्न आहे. स्वल्प सांभाळून घेऊ.”

विद्यानं नुसतं ‘हौदु’ म्हणायचं होतं. हो. एक शब्द. डॉक्टरही आता ‘ठाऊक नाही’ एवढंच म्हणत होते, त्यामुळे ते अगदी खोटंही म्हणता आलं नसतं. डॉक्टरांनी पत्रात त्याबद्दल काहीच लिहिलं नव्हतं, बहुधा मुद्दामच. तिनं तोंड उघडलं. तीन वर्षांनी अलका बारा वर्षांची होईल आणि तशीच असेल. तेव्हा हीच बाई म्हणेल, आता कसलं निमित्त? तेव्हा पाटाचा पंचा आणखी घट्ट बांधतील.

“नाही, मॅडम,” विद्या म्हणाली. “जाईलच असं नाही. ते बाहेर फिरतायत ना, ते माझे यजमान. एक्केचाळीस वर्षांचे आहेत.”

जयलक्ष्मम्मांनी खिडकीतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“काय करतात?”

“कारखान्यात चालतात.”

“म्हणजे?”

“एका शॉपमधला माल दुसऱ्या शॉपला का पोचला नाही ते चालत जाऊन शोधतात. त्याचाच पगार मिळतो. दहा वर्षं झाली.” मग तिला राहवेना. “आणि पंगतीत वाढतात. दोघंही. मुलगी चाळीस पानांना मीठ वाढते, मॅडम, एक चिमूट सांडत नाही. बसवलं की मात्र तिला येत नाही.”

जयलक्ष्मम्मांनी पत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. विद्याला वाटलं, संपलं. आपणच संपवलं.

“आमच्या शिपायाचे गुडघे दुखतात,” जयलक्ष्मम्मा अखेर म्हणाल्या. “रोज प्रार्थनेनंतर अकरा वर्गांची हजेरीपुस्तकं गोळा करायची असतात. दुपारी परत द्यायची. खडू, नोटिसा.” त्यांनी चष्मा लावला. “एक वर्ष. वर्षानंतर मी पुन्हा विचार करीन. आज मी काही वचन देत नाही, नाडगीरअम्मा.”

“नको,” विद्या म्हणाली. “एक वर्ष पुरे.”

पुरे नव्हतं. तरी ती तसं म्हणाली.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी विद्या अलकाला फाटकाशी सोडून परत फिरली नाही. समोरच्या गुलमोहराखाली, वरून फुलं पडत होती तिथे, उभी राहिली. प्रार्थना संपली. अलका पहिल्या वर्गातून पुस्तक घेऊन बाहेर आली. दुसऱ्या वर्गातून दोन. तिसऱ्यातून बाहेर आली तेव्हा एका वेणीची रिबीन नव्हती. पुस्तकं तीन होती. चौथ्याच्या दाराशी ती थांबली आणि व्हरांड्याच्या कठड्यावरून खाली बघायला लागली. तिथे मांजराची पिल्लं होती की काय कोण जाणे. अलका कठड्यावर वाकली, आणखी वाकली, पुस्तकं छातीशी घट्ट धरून तिनं खाली काहीतरी सांगितलं, आणि मग वळून चौथ्या वर्गात गेली.

अजून सात वर्ग होते. विद्या तिथेच उभी राहिली.